उन्हाची शिल्लक

सुरतेतील भेस्तान-पांडेसरा पट्ट्यात यंत्रे रात्रपाळीतही चालतात. सूर्य मात्र सायंकाळीच रजा घेतो. छपरावरच्या सौरविजेची खरी अडचण हीच. तिचा उपाय शेजारीच सापडतो. अलथाणच्या महापालिका बस-आगारात २०२५ साली १०० किलोवॅटच्या सौरछपराला २२४ किलोवॅट-तासांची साठवण जोडण्यात आली. तीही वाहनांत वापरून झालेल्या बॅटऱ्यांची! गाडी ओढण्यास अपुरी पडलेली बॅटरी एका जागी बसून दिवसाची वीज रात्रीसाठी राखू शकते. हा लाभ लहान मागवाल्यांपर्यंत पोचावयास हवा. मीटरवर मजुरी मिळविणाऱ्या खानदेशी कामगाराची, वीज खंडित झाली की, रोजीच बुडते. दहा मागवाल्यांनी सहकाराने एक साठवण उभारावी. महापालिकेने आगाराचा जमाखर्च प्रसिद्ध करून त्यांना वाट दाखवावी.