बदकांना पाणी खोल द्या, स्वच्छ द्या

अंबरनाथ-बदलापुरात पारा 40 गाठतो तेव्हा बदक चोच उघडून धापा टाकतं. त्याला घाम येत नाही. कोंबडीचं उथळ भांडं त्याला पुरत नाही. डोकं बुडेल एवढं खोल घमेलं सावलीत ठेवा. डोळे, नाकपुड्या ते त्यातच धुतं. पिल्लांना मात्र उथळच भांडं द्या. पाणी दिवसातून तीनदा बदला. खुराड्याच्या पत्र्यावर भाताचा पेंढा टाका. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या. भिजवलेलं उरलं तर काढून टाका, आंबतं.

बदकं वालधुनीत किंवा साचलेल्या डबक्यात सोडू नका. उन्हाळ्यात कुजक्या पाण्यात जिवाणूंचं विष तयार होतं. त्याने पाय, मग मान लुळी पडते. असं दिसलं तर वाट बघू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.