लॅपटॉपमधील वाढीव ग्राफिक्स कोअर : किंमत आणि उपयुक्तता

प्राध्यापकांच्या दैनंदिन कामात लॅपटॉप आता ग्रंथालयाइतकाच अपरिहार्य झाला आहे. मात्र तो निवडताना विक्रेता जे माहितीपत्रक पुढे ठेवतो, त्यातील आकड्यांचा अर्थ लावण्याची सवय आपल्याला नसते. एकाच नावाचा लॅपटॉप, एकच चिप. पण एकात ग्राफिक्सचे ८ कोअर, दुसऱ्यात १०, आणि किमतीत काही हजारांचे अंतर. हे दोन कोअर घ्यावेत काय, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. उदाहरण म्हणून अ‍ॅपल कंपनीचा मॅकबुक एअर निवडला आहे; कारण त्यात हा फरक इतर फरकांपासून बराचसा वेगळा काढता येतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप असलेला मॅकबुक एअर बाजारात आला. ७ ग्राफिक्स कोअर व २५६ जीबी साठवण असलेल्या प्रतीची भारतातील किंमत ९२,९०० रुपये, तर ८ कोअर व ५१२ जीबी साठवण असलेल्या प्रतीची १,१७,९०० रुपये होती. साठवण दुप्पट करण्याचा दर २०,००० रुपये होता. म्हणजे एका कोअरचे मोल ५,००० रुपये पडले. २०२२ मधील एम२ चिपच्या वेळी हेच गणित १,१९,९०० आणि १,४९,९०० रुपये असे झाले; साठवणीचे २०,००० वजा जाता दोन कोअरचे १०,००० उरतात. एम३ (२०२४) आणि एम४ (२०२५) या चिपवरील एअरमध्येही ८ आणि १० ही जोडी कायम राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमी कोअरची चिप निराळी बनवलेली नसते. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप एकाच वेळी कोरल्या जातात व काहींत सूक्ष्म दोष राहतात. दोष ग्राफिक्सच्या एखाद्या कोअरमध्ये असला, तर तो कोअर बंद करून उरलेली चिप विकली जाते. आंब्यांची प्रतवारी करण्यासारखाच हा प्रकार आहे. अर्थात कमी कोअरची प्रत म्हणजे हलका माल, ही समजूत निराधार ठरते.

ग्राफिक्स कोअरचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. एकच साधी आकडेमोड हजारो बिंदूंवर एकाच वेळी करावयाची असेल, तेथे तो उपयोगी पडतो. एम१ च्या प्रत्येक ग्राफिक्स कोअरमध्ये १२८ गणन-एकके आहेत. ८ कोअरची मिळून १,०२४. परंतु एकामागून एक पायऱ्यांनी होणारे काम या एककांना वाटून देता येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे नेमका लागू पडतो : कामाचा जेवढा अंश वाटून देता येतो, तेवढ्याच अंशाला वाढीव एककांचा लाभ होतो. समजा, एखाद्या कामाचा २० टक्के वेळ ग्राफिक्सवर खर्च होतो. ८ ऐवजी १० कोअर घेतल्यास त्या २० टक्क्यांचे १६ टक्के होतील. एकूण बचत अवघी ४ टक्के, म्हणजे तासाभराच्या कामात सुमारे अडीच मिनिटे. सर्वच काम ग्राफिक्सचे असेल, तर तासाचे काम ४८ मिनिटांत होईल. हीही आदर्श स्थिती. एअरमध्ये पंखा नसल्यामुळे दीर्घ कामात चिप तापते, तिचा वेग उतरतो आणि हा लाभ आणखी घटतो.

आपल्या कामांपैकी कोणती या वर्गात मोडतात? मराठी टंकलेखन, सादरीकरण, गुणपत्रके, सांख्यिकीय विश्लेषण, ऑनलाइन तास यांपैकी एकही नाही. व्याख्यानाचे चित्रीकरण संपादित करून अंतिम फाइल तयार करणे हे ग्राफिक्सचे काम वाटते खरे. पण व्हिडिओचे सांकेतन करण्यासाठी चिपमध्ये निराळा विभाग असतो आणि तो दोन्ही प्रतींत सारखाच असतो. याउलट ब्लेंडरसारख्या प्रणालीत त्रिमित प्रतिमा साकारणाऱ्या वास्तुशास्त्र वा चित्रकलेच्या अध्यापकांना वाढीव कोअरचा लाभ स्पष्ट दिसेल.

भाषिक प्रारूपे स्वतःच्या यंत्रावर चालवू पाहणाऱ्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सात अब्ज प्राचलांचे प्रारूप चार बिटांत संक्षिप्त केले, तरी सुमारे ४ जीबी स्मृती व्यापते. उत्तरातील प्रत्येक शब्दांश निर्माण करताना हा सारा साठा स्मृतीतून वाचावा लागतो. एम२ ची स्मृती सेकंदाला १०० जीबी माहिती पुरवते. म्हणून सेकंदाला सुमारे २५ शब्दांश ही कमाल मर्यादा झाली. कोअर ८ असोत वा १०, ती बदलत नाही. दीर्घ प्रश्न वाचून घेण्यास मात्र थोडा कमी वेळ लागेल.

म्हणूनच खरी निवड कोअर आणि स्मृती यांच्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या लॅपटॉपमध्ये स्मृती चिपसोबत कायमची जोडलेली असते व ग्राफिक्सलाही तीच वापरावी लागते. खरेदीनंतर ती वाढवता येत नाही. एम१ आणि एम२ यांच्या मूळ प्रतींत ती ८ जीबी होती आणि १६ जीबीसाठी २०,००० रुपये अधिक पडत. ते महाग होते, पण पाच-सहा वर्षांच्या वापरात हाच खर्च कारणी लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीने मूळ प्रतीतच १६ जीबी देण्यास आरंभ केला, त्यामुळे हा पेच बराच सैल झाला. जुने यंत्र घेणाऱ्यांपुढे तो अद्याप आहेच.

विंडोज लॅपटॉपबाबत कोअरचे आकडे अधिकच फसवे ठरतात. एनव्हिडिया ज्याला कोअर म्हणते, ते वस्तुतः एक गणन-एकक असते. त्यामुळे आरटीएक्स ४०६० चे ३,०७२ कोअर आणि अ‍ॅपलचे १० यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय हीच ४०६० चिप निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज घेते. नाव एक, कोअर तेवढेच, वेग मात्र भिन्न. महाविद्यालयाच्या खरेदी समितीने निविदेत केवळ चिपचे नाव लिहिले, तर कमी वॅटचे यंत्र हाती येण्याची शक्यता असते. वॅटचा आकडाही मागावा.

निर्णयापूर्वी आपल्या सध्याच्या यंत्रावर एक चाचणी सहज करता येते. मॅकमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आणि विंडोजमध्ये टास्क मॅनेजर ग्राफिक्सवरील भार आलेखाने दाखवतो. आठवडाभर नेहमीची कामे करताना तो अधूनमधून पाहावा आणि त्याच पटलावर स्मृतीचा आलेखही पाहावा. दोहोंपैकी जो सतत माथ्याला टेकलेला दिसेल, त्यावर पैसे खर्चावेत; एकही टेकत नसेल, तर मूळ प्रत घ्यावी.