डब्याची गोलाई आणि फोनचे कोपरे

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी बनतात. पत्र्याची गोल चकती, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘सर्कल’, प्रेसखाली जाते, डायवर, म्हणजे साच्यावर, ओढली जाते आणि डब्याचा आकार घेते. मग काठ कापायचा, वळवायचा आणि शेवटी बफिंग. झाकणाला जरा वेगळी गोलाई द्यायची म्हटली तरी डाय नव्याने करावी लागते. पत्रा कुठे फाटतो, कुठे सुरकुततो ते बघत ती पुन्हा पुन्हा घासावी लागते. एवढा खटाटोप करून डबा बाजारात गेला की तो विकत आणून तसाच दुसरा काढायला फारसे डोके लागत नाही. ‘आमचा माल कॉपी केला’ ही या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे.

हीच तक्रार घेऊन एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपल कंपनी सॅमसंगविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेली. आयफोनचा सपाट काळा दर्शनी भाग, गोलसर कोपरे, पडद्यावरच्या चित्रांची चौकटीतली मांडणी या रूपावर अ‍ॅपलकडे डिझाइन पेटंट होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे ती रक्कम कमी-जास्त होत राहिली. मे २०१८ च्या फेरसुनावणीत ५३.९ कोटी डॉलरचा आकडा आला आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली.

या ५३.९ कोटींची फोड बघण्यासारखी आहे. फोन कसा चालतो याच्याशी संबंधित दोन पेटंटांसाठी जेमतेम ५३ लाख डॉलर आणि बाकी सगळे, म्हणजे सुमारे ५३.३ कोटी, निव्वळ रूपासाठी. दिसण्याची किंमत चालण्याच्या शंभरपट!

याचे मूळ गालिच्यांत आहे. गालिच्याच्या नक्षीची नक्कल झाली म्हणून चाललेल्या खटल्यात १८८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाममात्र सहा सेंट भरपाई मान्य केली. त्यावर संसदेने १८८७ मध्ये कायदाच बदलला आणि नक्कल करणाऱ्याचा त्या वस्तूवरचा सगळा नफा मूळ मालकाला देण्याची तरतूद केली. गालिचा नक्षीवरच विकला जातो, तेव्हा तिथे ते शोभले. फोनमध्ये मात्र चिप, कॅमेरा, बॅटरी अशा कितीतरी गोष्टी असतात. अ‍ॅपल-सॅमसंगच्या खटल्यात डिसेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की ‘वस्तू’ म्हणजे दर वेळी पूर्ण फोनच असला पाहिजे असे नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. तो भाग ओळखायचा कसा, हे मात्र खालच्या न्यायालयांवर सोडले.

अशा भांडणांनी नवनिर्मिती वाढते की खुंटते? याच वादात जर्मनीत सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब या टॅब्लेटवर बंदी आली, तेव्हा कंपनीने त्याची चौकट बदलून ‘१०.१ एन’ हे नवे रूप आणले आणि ते न्यायालयात टिकले. नेमक्या रूपावरचा हक्क असा दुसऱ्याला वेगळा विचार करायला लावतो, आणि ते चांगलेच आहे. पण गोल कोपऱ्यांच्या आयतासारख्या, हाताला आणि खिशाला सोयीच्या साध्या आकारावर कुणी हक्क सांगू लागला तर बाकीच्यांना वाटच उरत नाही. शिवाय सात वर्षे वकिलांचा खर्च सोसणे राक्षसी कंपन्यांनाच परवडते. छोटा उद्योजक नोटीस बघूनच माल मागे घेतो.

आपल्याकडे ‘डिझाइन पेटंट’ नसते, डिझाइन नोंदणी असते. तिचा कायदा २००० सालचा. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षे वाढवता येते. कसोटी डोळ्यांची: आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी. झाकणाची क्लिप कशी अडकते हे त्यात बसत नाही, ती कशी दिसते एवढेच बसते. मुंबई उच्च न्यायालयात व्हर्लपूल आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या मातीतली व्हिडिओकॉन वॉशिंग मशीनच्या रूपावरून भिडल्या होत्या. व्हिडिओकॉनकडे स्वतःची नोंदणी होती, तरी २०१४ मध्ये न्यायालयाने व्हर्लपूलच्या बाजूने मनाई हुकूम दिला. प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणजे दाव्यातून सुटका झाली असे नाही.

भाईंदरच्या गाळेधारकाने दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि त्याचे ५० हून अधिक नग निघाले, तर कॉपीराइटचाही आधार जातो. आणि अर्जाआधीच डबा दुकानात मांडला, तर त्याचे नवेपण संपते. मग नोंदणी मिळाली तरी ती रद्द होऊ शकते.

आपल्या कायद्यातली एक उणीव मला खरोखर खटकते. दावा न लांबवता ठरावीक रक्कम मागायची, तर एका डिझाइनमागे कमाल मर्यादा आहे ५०,००० रुपये. त्याऐवजी प्रत्यक्ष नुकसानभरपाई आणि मनाईसाठी दावा करता येतो, पण दोन्हींसाठी जिल्हा न्यायालय गाठावे लागते आणि नोंदणी रद्द करण्याचा मुद्दा समोरच्याने काढला की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. डायचा खर्च बघता ५०,००० ची मर्यादा तुटपुंजी आहे, ती वाढलीच पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरावे. लघुउद्योगाला अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे. सगळ्या बाजूंनी काढलेले डब्याचे स्वच्छ फोटो आणि नवेपण कशात आहे हे सांगणारे एक वाक्य लागते. डाय तयार झाली की पहिला डबा फोटोसाठी बाजूला ठेवा, अर्ज दाखल करा आणि मगच व्यापाऱ्याला नमुना दाखवा.