परिचारिकेची पहिली मुलाखत

चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या दप्तरी नाव दाखल झाल्यावर, जी तरुणी मेट्रनबाईंसमोर प्रथमच बसते, तिला बहुधा वाटते की आता आपल्या विद्वत्तेची परीक्षा होणार. वस्तुतः त्या विद्वत्तेचा निर्वाळा गुणपत्रिकेने आधीच दिलेला असतो, आणि मेट्रनबाई शोधीत असतात ती सावधानता.

म्हणूनच प्रश्न साधे येतात. वापरलेली सुई कोठे टाकाल? टोपण पुन्हा न बसवता, जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा अवाजवी वाटली तर? येथे पुष्कळ उमेदवार नम्रतेच्या भरात ‘सांगितले तसे करीन’ असे म्हणून जातात, आणि माझ्या मते हेच उत्तर सर्वांत घातक. औषध थांबवून डॉक्टरांना विचारणे व त्याची रीतसर नोंद ठेवणे, हाच परिचर्येचा धर्म होय. पोशाखाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नखे कापलेली असावीत.

मात्र पगार, रात्रपाळी आणि बंधपत्राची मुदत यांविषयी निःसंकोच विचारावे, आणि मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी अवश्य दाखवावीत, पण कोणाच्याही स्वाधीन करून येऊ नये.