तेरा नंबरची खुर्ची

सागानच्या छावणीतलं नाट्यगृह कैद्यांनी स्वतः बांधलं होतं. जेमतेम साडेतीनशे माणसं बसतील एवढं. खुर्च्या रेड क्रॉसच्या पार्सलांच्या खोक्यांपासून ठोकलेल्या, आणि मागच्या रांगेलाही रंगमंच नीट दिसावा म्हणून जमीन उतरती केलेली. या उताराकडे पुन्हा यायचंच आहे.

सागान म्हणजे आज पोलंडमध्ये असलेलं झागान. ‘स्टालाग लुफ्ट ३’ ही तिथली जर्मन हवाई दलाची छावणी १९४२ साली उघडली. विमान पाडलं गेलं आणि जीव वाचला, असे दोस्त राष्ट्रांचे वैमानिक तिथे येत. बहुतेक जण अधिकारी, आणि जिनिव्हा करारामुळे अधिकाऱ्यांना कामाला जुंपता येत नसे. मग या रिकाम्या तरण्या पोरांनी करायचं काय? ‘मॅकबेथ’पासून ताज्या लंडनी विनोदी नाटकांपर्यंत जे हाताला लागलं ते त्यांनी बसवलं. स्त्रीपार्ट अर्थातच पुरुषांकडे. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या आपल्या मुलखाला त्याचं नवल वाटू नये.

मला खरी मौज वाटते ती उसन्या सामानाची. काही कपडे चक्क बर्लिनहून भाड्याने येत. सुताराची हत्यारंही मिळत, पण शब्दावर: पळून जाण्यासाठी यातलं काहीही वापरणार नाही. हा शब्द पाळला गेला. पळून जाण्यासाठी खोदलेल्या भुयाराकरता बाकी सगळं चोरलं, पलंगाच्या फळ्यासुद्धा काढल्या, पण नाटकाच्या करवतीला कुणी हात लावला नाही. खुद्द नाट्यगृह मात्र शब्दात बांधलेलं नव्हतं!

‘हॅरी’ नावाचं भुयार खोदताना रोज पिवळीधमक वाळू निघे. वरची माती करडी, त्यात हिवाळ्यात बर्फ; बाहेर मूठभर टाकली तरी पहारेकऱ्याला दिसणार. उतरत्या जमिनीखाली मात्र पोकळी होती. तेरा नंबरच्या खुर्चीखाली झडप केली आणि १९४४च्या सुरुवातीला वाळू तिथे उतरू लागली. दिवसा तालमी चालत त्याच जमिनीवर.

पलायनाचा सूत्रधार रॉजर बुशेल हा पेशाने वकील. ‘पिग्मॅलियन’मध्ये प्रोफेसर हिगिन्सची भूमिका त्याच्याकडे होती, म्हणजे ‘ती फुलराणी’तल्या आपल्या प्राध्यापकाचा मूळ पुरुष. प्रयोगाला तो उभा राहिलाच नाही. २४ मार्च १९४४च्या रात्री ७६ जण भुयारातून बाहेर पडले. तिघे सुटले, ७३ पकडले गेले, आणि हिटलरच्या हुकमाने त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. बुशेल त्यात होता. छावणीत उरलेल्यांनी थोड्याच महिन्यांत त्याच नाट्यगृहाखालून ‘जॉर्ज’ नावाचं नवं भुयार सुरू केलं. ते कधी वापरलं गेलं नाही; २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ते उकरून काढलं.

छावणीतल्या नाटकांनी काहींना जन्माचा धंदा दिला. टॅलबट रॉथवेल आणि पीटर बटरवर्थ तिथेच एकत्र आले. पुढे ‘कॅरी ऑन’ या विनोदी ब्रिटिश चित्रपटमालेत एक लेखक म्हणून गाजला, दुसरा नट म्हणून. छावणीतल्या आणखी एका पलायनाच्या वेळी कसरतीच्या लाकडी घोड्यावरून उड्या मारून पहारेकऱ्यांना गुंगवणाऱ्यांत बटरवर्थ होता. युद्धानंतर त्याच घटनेवर चित्रपट निघाला. बटरवर्थ भूमिका मागायला गेला, तर वीर म्हणून शोभत नाही म्हणून त्याला परत पाठवलं.

अमेरिकनांचं आवार वेगळं होतं आणि त्यांचं नाट्यगृहही. २७ जानेवारी १९४५च्या रात्री तिथे ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ रंगात आलं होतं. वर जाताना सोबत काही नेता येत नाही, असं सांगणारं हे नाटक. त्यांचे वरिष्ठ कर्नल गुडरिच मध्येच रंगमंचावर आले आणि म्हणाले, अर्ध्या तासात फाटकापाशी जमायचं आहे. रशियन फौज जवळ आली होती. बाहेर गोठवणारी थंडी होती. न्यायचं काय, टाकायचं काय, यावर बराकीत धावपळ उडाली. हाताला लागतील त्या खोक्यांच्या आणि फळ्यांच्या घसरगाड्या करून, त्यावर उरलंसुरलं अन्न लादून माणसं बर्फातून पश्चिमेकडे चालू लागली.