होडीची चीर: वरवरची की खोल?

खाडीत तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या किंवा बचतगटाची होडी चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेकींकडे आता फायबरची होडी असते. तिच्यावर केसासारख्या चिरा दिसल्या की आपण लांबी थापतो आणि रंग मारतो. पण चीर का पडली हे न बघता बुजवली, तर ती पुन्हा उघडते.

होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. खरी ताकद त्याच्या आतल्या काचेच्या धाग्यांच्या मॅटमध्ये असते. खडकावर आपटल्यावर चांदणीसारख्या चिरा पडतात. एकाशेजारी एक लांब रेघा दिसल्या, तर तिथे होडी लवते आहे असं समजा. अशा जागी आतून मजबुती द्यावी लागते.

आता नाण्याने ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर बहुधा चीर वरवरची. बद्द आवाज आला, दाबल्यावर जागा दबली किंवा आत पाणी झिरपलं, तर मॅट सुटली असू शकते. ते काम कारागिराचंच.

वरवरची चीर मात्र आपण भरू शकतो. हे काम पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत करावं. जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि ॲसिटोनने पुसा. मग टोकदार पात्याने चीर खरवडून व्ही आकाराची करा, म्हणजे भराव आतपर्यंत बसतो. आत मॅट दिसली तर थांबा आणि कारागिराला दाखवा. धूळ झटकून पुन्हा पुसा.

100 ग्रॅम जेलकोटला साधारण 2 ग्रॅम हार्डनर लागतो. नेमकं प्रमाण डब्यावर बघा. थोडंथोडंच कालवा, कारण ते लवकर घट्ट होतं. भराव किंचित उंच ठेवा आणि वर प्लास्टिकचा कागद चिकटवा. हवा लागली तर वरचा भाग चिकट राहतो. कडक झाल्यावर 220, 400, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. दुकानात कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच आहे का, हे दुकानदाराला विचारा. नसेल तर आधी कोबाल्ट नीट ढवळा, मगच हार्डनर घाला. काम मोकळ्या हवेत, चुलीपासून आणि विडी-काडीपासून लांब करा. हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच किमान 15 मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

होडी पाण्यात घातल्यावर पहिले काही दिवस त्या जागेवर नजर ठेवा. चीर तिथेच परत आली, तर पुन्हा भरत बसू नका. आधी कारण शोधा. आपला जीव त्या होडीवर असतो.