गवतकापणी यंत्राचे ऑइल बदलताना

मृगाच्या सरींनंतर छत्रपती संभाजीनगरातील अंगणांत गवत माजू लागते, तेव्हा ज्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनावर आपली सारी भिस्त असते, त्यात ऑइल फिल्टर बहुधा नसल्याने झिजलेल्या धातूचा कीस त्याच अर्ध्या-पाऊण लिटर ऑइलात फिरत राहतो. म्हणून ते वेळेवर बदलावे लागते; होंडा जीएक्स १६० इंजिनासाठी प्रथम २० व पुढे दर १०० तासांची मुदत मुक्रर आहे. आमच्या मराठवाड्याच्या धुळीत मी ५० तासच इष्ट मानतो. प्लगची वायर काढून, इंजिन कोमट असतानाच तळाचा बोल्ट सोडावा, म्हणजे पातळ झालेली काळी धार गाळासह निघून येते. बोल्ट आवळून १०डब्ल्यू-३० भरावे आणि या इंजिनाची मापकाठी आटे न फिरवता, नुसती टेकवून पातळी पाहावी. जुने ऑइल कॅनमध्ये साठवून रीतसर पुनर्प्रक्रियेस द्यावे, खाम नदीस मिळणाऱ्या नाल्यांत कदापि ओतू नये.